दुधात बुडवलेले हात

"हाताला तंबाखू लागलेली माणसं हवीत म्हणून आमच्याकडे आलात, आणि आता म्हणता, हात बाहेर ठेवून आत या."

हे वाक्य व्हर्लीन हेडन आमच्या भागात आलेल्या औषध कंपनीच्या दारात उभी राहून बोलली होती, पहिल्याच वर्षी, आणि हसत बोलली होती. ऐकणारेही हसले. कंपनीच्या माणसाने तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, बाई, तुम्हाला आमच्या जाहिरातीत घेतलं पाहिजे. आमच्या भागात पुढे जे झालं ते सगळं त्या एका वाक्यात होतं, आणि ते ऐकताना आम्ही हसत होतो याचा मला अजून राग येतो.

ओहायो नदीच्या या काठाला, केंटकीच्या पश्चिम अंगाला, माणसाची ओळख त्याच्या तंबाखूवरून व्हायची. कोण प्रार्थनेला उशिरा येतो, कोणाची बायको कोणाशी बोलत नाही, हे सगळं नंतर. आधी त्याच्या कोठारात पान कसं वाळलं, रंग कसा धरला, ते. ही कोठारं उंच आणि डांबर फासून काळी केलेली, फळ्यांच्या फटीतून वारा खेळावा अशी बांधलेली. लांबून बघितलं तर वाटायचं, शेतात कोणीतरी शोक करत उभं आहे.

व्हर्लीन अशाच एका कोठाराच्या सावलीत वाढली आणि दुसऱ्या कोठाराच्या सावलीत नांदायला आली. तिचा नवरा अलॉयशियस, त्याला सगळे लॉइश म्हणत. कापणीच्या दिवसांत बायका सहसा जेवण आणून देत. व्हर्लीन सुरी घेऊन ओळीत उतरायची. झाड बुंध्याशी कापायचं, काठीच्या टोकाला लोखंडी टोपण बसवलेलं असतं त्यावर बुंधा खुपसायचा, आणि झाडं काठीवर ओवत जायचं. टोपण हातात घुसून तळव्यावर व्रण राहिलेली माणसं आमच्याकडे पुष्कळ होती. तिच्या हातावर एकही नव्हता. विचारलं तर म्हणायची, "मी काम करताना बोलत नाही. बोलणारेच हात भोसकून घेतात."

हे खोटं होतं, म्हणजे तिने आयुष्यात केलेलं एकमेव खोटं विधान बहुधा हेच. ती सतत बोलायची. आणि जे बोलायची ते खरं असायचं, हीच अडचण होती. चर्चच्या सहलीत सगळं गाव मटण भाजतं, आदल्या संध्याकाळपासून खड्ड्याभोवती माणसं बसलेली असतात, आणि फादर स्वतः पहिला तुकडा तोडतात. एका वर्षी फादरनी तिला विचारलं, कसं झालंय. ती म्हणाली, "वातड झालंय, फादर. पण तुमच्या प्रवचनापेक्षा मऊ आहे." फादर हसले. त्या वर्षी मटण खरोखरच वातड होतं, आणि प्रवचनाबद्दलही तिचं चुकलं नव्हतं. तिला गाता येत नव्हतं तरी ती गायकवृंदात होती, कारण तिला हे सांगायची हिंमत कोणातच नव्हती. खोटं बोलता न येणं हा तिचा गुण आहे असं आम्ही मानत नव्हतो. कोणाला डावा हात चालतो, कोणाला रंग कळत नाहीत, तसं तिचं ते होतं.

मग सरकारने तंबाखूचा कोटा मोडीत काढला. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक घराला किती पिकवायचं ते ठरलेलं होतं. ते सरकारने विकत घेऊन संपवलं, आणि ज्यांच्या जमिनी मोठ्या होत्या त्यांनी मका लावला, ज्यांच्या लहान होत्या ते कोपऱ्यात थोडीफार तंबाखू लावत राहिले, सवयीने. कोठारं रिकामी पडली. शहरातून लोक येऊन त्यांच्या फळ्या विकत नेऊ लागले, तिकडच्या खाणावळींच्या भिंतींना लावायला. आमच्या आज्यांनी डांबर फासलेल्या फळ्यांखाली बसून लोक दारू पीत आणि म्हणत, काय छान जुनं वाटतं.

कंपनी आली ती अशा वेळी.

ती आली चर्चच्या हॉलमध्ये, मटणाच्या पातळ रश्शाची वाटी हातात घेऊन. राजधानीतून एक बोलका माणूस आला होता. त्याने सांगितलं की तंबाखूच्या पानात औषध तयार करता येतं. रोपाला एक विशिष्ट संसर्ग द्यायचा, पान आपोआप औषधाचा अंश बनवतं, मग पान ठेचून तो काढून घ्यायचा. या नदीकाठी असा उद्योग उभा करायचा, तो म्हणाला, इथल्या मातीतून, इथल्या पिकातून, इथल्या माणसांतून. आज एक काचघर, उद्या दहा. ज्या पानाने माणसं मारली तेच पान आता माणसं वाचवील.

हे शेवटचं वाक्य त्याने उगाच म्हटलं नव्हतं. आम्हाला काय हवं होतं ते त्याला नीट माहीत होतं. कित्येक वर्षं डॉक्टर, वर्तमानपत्रं, शाळेतल्या बाई, आमची स्वतःची मुलं, सगळे आम्हाला सांगत होते की तुम्ही विष पिकवता. आम्ही कबूल करत होतो आणि पिकवत होतो. दर शनिवारी पापकबुलीला जाणारी माणसं आम्ही, पण या एका पापाची कबुली कुठे द्यायची ते ठाऊक नव्हतं. आणि हा माणूस रश्शाची वाटी हातात घेऊन आला आणि म्हणाला, क्षमा आहे. त्या हॉलमध्ये त्या दिवशी कामधंद्याची आशा होतीच. पण ज्याने आम्हाला जागेवर खिळवून ठेवलं ती ही क्षमा होती.

व्हर्लीनने उभं राहून एकच प्रश्न विचारला. "पान कोण पिकवणार?"

"तुम्हीच," तो म्हणाला.

तिने विश्वास ठेवला. स्वतःला खोटं बोलता येत नाही त्या माणसाला दुसऱ्याचंही ओळखता येत नाही, हे मी तिच्याकडे बघून शिकलो. ती दारोदार फिरली. कंपनीला सरकारी मदत मिळायची तर गावाचा पाठिंबा दिसायला हवा होता. तो तिने मिळवून दिला. नॉर्बर्ट वॅदनला कंपनीच्या जाहिरातीच्या फोटोसाठी तिनेच उभं केलं. नॉर्बर्ट म्हणजे सहा फूट उंच, लाजाळू माणूस, फोटोवाला आला तसा कोठारामागे जाऊन लपला. व्हर्लीनने त्याच्या पँटचे पट्टे धरून त्याला ओढून आणला. फोटोत त्याने तंबाखूचं भलंमोठं पान दोन्ही हातांवर असं धरलंय की बाप्तिस्म्याला आणलेलं मूल वाटावं. हमरस्त्याला तो फलक लागला. खाली लिहिलं होतं, आपला शेतकरी, आपलं औषध.

नॉर्बर्टचं एकही पान कंपनीने कधी घेतलं नाही. कोणाचंच घेतलं नाही. कंपनीला जे रोप हवं होतं ते आमचं नव्हतंच. तंबाखूची कुठलीतरी लांबची, ऑस्ट्रेलियातली बहीण, गुडघ्याएवढी, लुसलुशीत, जिला ऊन सोसत नाही. ती ट्रेमध्ये वाढायची, दिव्यांखाली, काचेच्या आत. माती नाही, शेत नाही, शेतकरी नाही. उद्घाटनाच्या दिवशी नॉर्बर्टला काचेबाहेरून ती दाखवली. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हिला तंबाखू म्हणायचं तर माझ्या मांजराला वाघ म्हणावं लागेल."

काम मिळालं ते थोड्यांना, ट्रे उचलण्याचं आणि धुण्याचं. व्हर्लीनला मिळालं, आणि पुढे ती तिथली मुकादम झाली. तिला ते हवंच होतं. लॉइशला रक्ताचा आजार जडला होता. शहरातल्या दवाखान्यात दर महिन्याला त्याच्या शिरेतून औषध सोडत, आणि ते औषध नोकरीबरोबर मिळणाऱ्या विम्यावर होतं. विमा नसता तर आमच्यासारख्यांनी त्या औषधाकडे नुसतं बघायचं. औषधं बनवणाऱ्या कारखान्यात ती नोकरी करत होती ती नवऱ्याला औषध मिळावं म्हणून. यात कोणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

अट अशी होती की काचघरात काम करणाऱ्याने शेतातल्या तंबाखूला शिवायचं नाही. ओढायची नाही, चघळायची नाही, कोणाच्या कोठारात पाऊल टाकायचं नाही. कारण तंबाखूचा एक जुना रोग आहे, पानावर पिवळेहिरवे ठिपके उठवणारा. तो हाताला, कपड्याला, वाळलेल्या पानाच्या चुऱ्यालाही चिकटून राहतो, आणि त्या लुसलुशीत रोपाला लागला की सत्यानाशच. आत जाताना कपडे बदलायचे आणि हात दुधात बुडवायचे. दुधाने तो रोग निकामी होतो. दारात स्टीलच्या परातीत दूध ठेवलेलं असायचं, आणि ज्यांच्या हातांची चामडी तंबाखूच्या काळ्या चिकाने पिढ्यान्‌पिढ्या रंगली ती माणसं रांगेने त्यात मनगटापर्यंत हात बुडवून उभी राहायची. चर्चमधल्या तीर्थाच्या भांड्यासारखं वाटायचं ते, असं एक जण म्हणाला होता. व्हर्लीन म्हणाली, तीर्थाला वास येत नाही.

वर सांगितलेलं ते वाक्य ती तिथेच बोलली. पण अट पाळली. घरामागचा तुकडा नांगरून मका केला, कोठार झाडून मोकळं केलं. लॉइशला तंबाखू चघळणं सोडावं लागलं, कारण त्याचे कपडे तिच्या कपड्यांबरोबर धुतले जात. तो म्हणायचा, कंपनीने बायको सोड म्हटलं असतं तर दोन दिवस विचार करायला मागितले असते, ही तर तंबाखू आहे.

आणि आणखी एक गोष्ट आम्हाला हळूहळू कळली. रोपाला जो संसर्ग देऊन ते औषध तयार करत, तो याच ठिपक्यांच्या रोगाचा माणसाळवलेला भाऊ होता. आम्ही ज्याला शिव्या देत रोगट झाडं उपटून जाळायचो, तेच त्यांच्या बाटलीत होतं. रोग त्यांचा असला की विज्ञान, आमच्या हातावरचा असला की गुन्हा. हे मी रागाने लिहितोय, आणि रागाने लिहिलेलं अर्धवट असतं हेही मला माहीत आहे. तरी अर्ध्यापुरतं ते खरं आहे.

ऑगस्टमध्ये नॉर्बर्ट मेला. शेतातच, दोन ओळींच्या मधे, हृदय बंद पडून. पीक कापायला आलेलं उभं होतं. मुलगा नव्हता, मुली लांब. बायको फिलोमिना, तिला फिलो म्हणत, ती एकटी.

आमच्याकडे अशा वेळी काय करतात ते कोणी कोणाला शिकवत नाही. दफन झालं की पुढच्या शनिवारी सकाळी गाव त्याच्या शेतात उतरतं. कोणी बोलावत नाही, कोणी आभार मानत नाही. सावडच ती, पण परतफेडीची नाही, कारण ज्याला परत फेडायचं तो गेलेला असतो. दिवसभरात सगळं पीक कापून, काठ्यांवर ओवून, कोठारात टांगून होतं. ज्या घरातून कोणीच आलं नाही त्या घराबद्दल नंतर वाईट बोलत नाहीत. त्या घराबद्दल बोलतच नाहीत.

कंपनीने पुष्पचक्र पाठवलं होतं. फलक तसाच उभा होता. नॉर्बर्ट हमरस्त्यावर मूल धरल्यासारखं पान धरून, मेल्यावरही त्यांच्या कामावर.

व्हर्लीन सकाळी गाडी घेऊन आली आणि शेताच्या कडेला गाडीतच बसून राहिली. मी ओळीत होतो, मला दिसत होती. फिलो तिच्यापाशी गेली, खिडकीवर हात ठेवून म्हणाली, "तू जा घरी. नॉर्बर्टला कळतं सगळं."

"नॉर्बर्टला आता काही कळत नाही, फिलो. म्हणून तर आले."

ती उतरली आणि सुरी मागून घेतली. दुपार व्हायच्या आत आम्हाला दिसलं की काचघरातले आणखी लोकही आलेत, एकेक करून, गाड्या चर्चमागे लपवून, टोप्या डोळ्यांवर ओढून. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच आलोय. आणि प्रत्येक जण मुकादमणीला टाळत होता, आणि मुकादमीण त्यांना. शेवटी एका ओळीच्या टोकाला व्हर्लीन आणि जर्वेस क्लेमंट्स समोरासमोर आले. जर्वेस तरुण, नुकता बाप झालेला, तिच्या हाताखाली ट्रे धुणारा. दोघांच्या हातात सुऱ्या, दोघांचे हात काळे. जर्वेस म्हणाला, "बाई, मी इथे नाही."

"मीही नाही," ती म्हणाली. "मग हे झाड कोण कापतंय?"

त्या दिवशी शेतात तेवढं एकदाच हसणं झालं.

संध्याकाळी तिने त्या सगळ्यांना कोठारामागे एकत्र केलं आणि सांगितलं की सोमवारी ती स्वतःचं सांगणार आहे, कारण तिला दुसरं जमत नाही. पण कोणी मधे तोंड घालायचं नाही. "मी एकटी गेले होते असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण तुमचं नाव माझ्याकडून जाणार नाही. आणि कोणी शूरपणा करायला उठलं तर माझ्याशी गाठ आहे. तुमच्या घरात पोरं आहेत." मग सगळ्यांनी कपडे जाळले. रविवारी गावातल्या दुकानात दुधाचा एकही डबा उरला नाही. दुकानदाराला वाटलं वादळ येणार आहे. त्याने पावही जास्तीचे मागवले.

सोमवारी सकाळी दार उघडायच्या आत ती डेनिस रॉबीकडे गेली. डेनिस काचघराचा व्यवस्थापक, आमच्यातलाच. त्याच्या बापाची पाठ मोडली होती त्या वर्षी त्यांचं पीक गावाने टांगलं होतं, आणि डेनिस तेव्हा कोठारात खालून काठ्या वर देत होता. व्हर्लीनने त्याला सांगितलं, शनिवारी मी नॉर्बर्टच्या शेतात होते, सुरी माझ्या हातात होती, आता काय ते ठरव. त्या आठवड्यात मोठी मागणी होती, हात कमी होते, आणि राजधानीतले पाहुणे येऊन जाणार होते. डेनिस म्हणाला, "मी काही ऐकलं नाही, बाई. आत जा, ट्रे खोळंबलेत." तिने पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा ऐकलं नाही. तिने कोपरापर्यंत हात दुधात बुडवले आणि आत गेली.

पाहुणे आले. खिशात चिरूट असलेले, नुसते पांढरे डगले चढवून आत फिरलेले, रोपांच्या पानांना बोट लावून बघणारे. त्यांच्यासाठी परात पुढे केली तर एक जण म्हणाला, दूध मी कॉफीत घेतो. सगळे हसले, आणि परात मागे घेतली गेली.

पुढे काही दिवसांनी काचघरातल्या पानांवर ठिपके आले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळी रोपं पोत्यांत भरून जाळली. रोग शेतातून आला की चिरुटातून, ते सांगता येत नाही. मला येत नाही आणि त्यांनाही येत नव्हतं. पण शेतात कोण होतं हा प्रश्न विचारता येण्यासारखा होता, आणि राजधानीतल्या माणसाच्या खिशात काय होतं हा नव्हता. दुसऱ्या काचघराचा सरकारी पैसा अडला होता. कारण सापडलं, माणसं काढली, असं दाखवल्याशिवाय तो सुटणार नव्हता.

म्हणून पुन्हा चर्चचा हॉल. मुख्य कचेरीतून मिसेस क्रेन नावाच्या बाई आल्या होत्या, सौम्य, राखाडी पोशाखातल्या, बोलताना प्रत्येकाच्या डोळ्यांत बघणाऱ्या. शेजारी डेनिस. डेनिसची आई दुसऱ्या रांगेत, मांडीवर हात जोडून. गाव सगळं आलं होतं, कारण कंपनीने सगळ्यांना बोलावलं होतं. उघडपणा असावा असं मिसेस क्रेन म्हणाल्या.

डेनिसने त्यांना आधीच सांगितलं होतं की व्हर्लीन शेतात गेली होती आणि तिने हे कबूल केलं. कधी कबूल केलं ते त्याने सांगितलं नव्हतं. ठिपके आल्यावर केलं असा सगळ्यांचा समज होऊ दिला. तो टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होता, आणि व्हर्लीन त्याच्याकडे.

मिसेस क्रेन रागावल्या नव्हत्या. शिक्षा कोणालाच करायची नाही, त्या म्हणाल्या. या उद्योगाचं भविष्य म्हणजे या भागाचं भविष्य. जे शेतात गेले होते त्यांना कामातून मोकळं करावं लागेल, इतकंच. आणि ते कोण हे कळलं तर बाकीचे शांतपणे काम करू शकतील. व्हर्लीनने प्रामाणिकपणे स्वतःचं सांगितलं याची कंपनीला कदर आहे. तिला कचेरीत बसायचं काम देता येईल. पगार तोच, विमा तोच. फक्त तिने बाकीची नावं सांगावीत. सांगायची नसतील तर, ज्या एकीने कबूल केलंय, तिच्यापुरताच निर्णय घ्यावा लागेल. आजपासून.

विमा हा शब्द त्या जरा हळू बोलल्या. हॉलमध्ये तो सगळ्यांना ऐकू गेला. लॉइश तिसऱ्या रांगेत बसला होता, टोपी गुडघ्यावर, दंडावर मागच्या सुईची निळी खूण. मिसेस क्रेन त्याच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, मिस्टर हेडन, आपण त्यांना समजावून सांगाल का?

लॉइश म्हणाला, "बाई, मी हिच्याशी लग्न केलंय. मुकादम ती आहे."

मागे कोणीतरी हसलं आणि थांबलं.

मग मिसेस क्रेननी थेट विचारलं, "मिसेस हेडन, त्या दिवशी शेतात तुमच्याबरोबर आमच्या कामगारांपैकी कोण होतं?"

व्हर्लीन उभी राहिली. मी तिला इतकी वर्षं ओळखत होतो. प्रश्न विचारला आणि तिने उत्तर दिलं नाही असं कधी बघितलं नव्हतं. कोणी नव्हतं, असं म्हटलं की संपलं असतं. दोन शब्द. आमच्यातला कोणीही ते सहज बोलला असता, आणि शनिवारी फादरना सांगून मोकळा झाला असता. तिचे ओठ एकदा हलले. ती ते दोन शब्द शोधत होती असं मला वाटतं, आणि ते तिच्याजवळ नव्हते. दुसरीकडे खरं होतं, जिभेवर तयार, जन्मभर होतं तसं. सोमवारची सकाळ, डेनिसचं न ऐकणं, चिरूट, सगळंच. पण त्यातलं एक सांगायला तोंड उघडलं की पुढचा प्रश्न येणार, आणि तिला उत्तर द्यावं लागणार, आणि पाच घरांच्या चुली त्या उत्तरात होत्या.

जर्वेसची खुर्ची कुरकुरली. तो अर्धा उठला होता. व्हर्लीनने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो बसला. त्याच्या बायकोने बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"व्हर्लीनबाई," डेनिस पेल्याकडे बघतच म्हणाला, "काहीतरी बोला."

त्याच्या आईने खाली मान घातली.

मिसेस क्रेन वाट बघत होत्या. त्यांना वाट बघता येत होती, त्यांना तेच शिकवलेलं असतं. स्वयंपाकघरात कोणीतरी कॉफीचं भांडं गॅसवरून उतरवलं. खिडकीबाहेर कोणाचा तरी ट्रक थांबला आणि पुन्हा निघाला.

व्हर्लीनने खुर्चीवरची पर्स उचलली. मानेभोवती कंपनीच्या ओळखपत्राची दोरी होती, ती डोक्यावरून काढताना केसांत अडकली. तिने ती शांतपणे सोडवली आणि टेबलावर, पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली. तिसऱ्या रांगेशी येऊन थांबली. लॉइशने टोपी घातली, समोरच्या खुर्चीला धरून उभा राहिला, आणि तिने त्याला दंडाखाली आधार दिला. हॉलच्या मधल्या वाटेने ती दोघं त्याच्या चालीने, सावकाश, दाराशी गेली. दार तिने पायाने ढकलून धरलं, त्याला आधी जाऊ दिलं, आणि मग त्याच्या मागोमाग बाहेर गेली.